गरम पाण्याच्या चार बादल्या

(दीपनगर परिसरातील महिला गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



सकाळच्या सत्रात आपण पोटगी, घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा यांवर बोललो. दुपारच्या सत्राचा विषय फळ्यावर 'घरातली ऊब आणि वीज' असा लिहिलाय. मघाशी चहाच्या वेळी एक ताई हसून म्हणाल्या, "पाणी तापवायचं काय शिबिर घ्यायचं?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. एकेकाळी पाणी भरण्याबद्दल, सरपणाबद्दल, संडासाबद्दलही हेच म्हटलं जायचं. ही बाईची रोजची कामं, त्यात बोलण्यासारखं काय? बायका वर्षानुवर्षं बोलत राहिल्या, मोर्चे निघाले, तेव्हा कुठे ते 'प्रश्न' म्हणून सरकारच्या कागदावर आले. अंघोळीचं पाणी तापवणं अजून त्या कागदावर नाही. ते का यायला हवं, एवढंच आज सांगायचं आहे. मी इंजिनिअर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. त्यामुळे यंत्राबद्दल बोलेन तेही आपल्या बादलीच्या हिशेबात बोलेन.

आपण बसलोय ते दीपनगर. नावातच दिवा आहे. भुसावळ औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. इथला पहिला संच १९६८ साली सुरू झाला. नंतर २१० मेगावॉटचे दोन, मग ५०० मेगावॉटचे दोन आणि त्यानंतर ६६० मेगावॉटचा एक संच उभा राहिला. सुरुवातीचे जुने संच आता बंद झालेत. तापीवरच्या हतनूर धरणातून पाणी येतं, रेल्वेने कोळसा येतो, आणि इथली वीज महाराष्ट्रभर जाते. या चिमण्यांच्या सावलीत राहणाऱ्या घरांमध्ये सकाळचं पाणी कसं तापतं, ते आता बघू.

वसाहतीतल्या पक्क्या क्वार्टरमध्ये गिझर असतो, नाहीतर कॉईलची शेगडी. कंत्राटी कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये बादलीत सोडायचा रॉड असतो. आजूबाजूच्या गावांत आणि वस्त्यांत अंगणातल्या तीन दगडांवर जर्मनचं भगुनं चढतं आणि खाली पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते. गॅस घरात असला तरी तो चहा-पोळीपुरता. अंघोळीच्या पाण्याला गॅस जाळायची छाती होत नाही, कारण टाकी महिनाभर पुरवायची असते. उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि जोडणी बाईच्या नावावर झाली, हे चांगलंच झालं. पण पुढची टाकी भरायचे पैसे कुणाच्या खिशातून येतात, त्यावर ती जोडणी चालते की कोपऱ्यात उभी राहते हे ठरतं.

खान्देश म्हणजे ऊन, असं बाहेरच्यांना वाटतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे खरंच आहे. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो दहाच्याही खाली उतरू शकतो. त्या दिवसांत गरम पाणी ही चैन नसते. घरात बाळंतीण असते, तान्हं मूल असतं, दम्याची सासू असते, शाळेत जाणारी पोर असते, पाळीत पोटात दुखणारी मुलगी असते. या सगळ्यांसाठी पहाटे साडेचार-पाचला उठून पाणी तापवणारी एकच असते, आणि ती कोण, हे सांगायला नको.

आमच्या गटांच्या बैठकांत मी एक साधा प्रश्न विचारते. पहिली बादली कुणाची आणि शेवटची कुणाची? पहिली बादली बहुतेक ठिकाणी ड्यूटीवर जाणाऱ्या पुरुषाची असते. मग मुलगे, सासरे, शाळेत जाणाऱ्या मुली. जिने पाणी तापवलं, तिच्या वाट्याला भगुन्याच्या तळाशी उरलेलं कोमट पाणी, त्यात गार विसण घालून. एका मावशींनी सांगितलं, "माय, मले तं थंड्या पान्याचीच सवय झाली." ही सवय काही आपोआप झालेली नाही. सरपण कमी, वेळ कमी, वीजबिल जास्त, मग कुणीतरी आपला वाटा सोडायचा असतो. तो कोण सोडणार हे घरात न बोलताच ठरलेलं असतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात दिसलं, की घरची बिनमोल कामं करणाऱ्या बाईचे रोजचे सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषाचे ८८ मिनिटं. सरपण फोडणं, चूल पेटवणं, भगुनं चढवणं-उतरवणं, रॉड लावून लक्ष ठेवणं, गरम बादली उचलून मोरीत नेणं, हे सगळं त्याच मिनिटांत आलं.

या कामात धोकाही आहे. स्त्री चळवळीने घरातल्या आगीचा प्रश्न फार आधी उचलला. ऐंशीच्या दशकात 'स्टोव्हचा भडका' म्हणून पोलिसांच्या वहीत लिहिल्या जाणाऱ्या मृत्यूंना 'हा अपघात की खून?' असं विचारणाऱ्या बायका याच महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर होत्या. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८ (अ) कलम आलं, त्यामागे देशभरच्या बायकांनी उठवलेला तो आवाज होता. ते आपण विसरायचं नाही. पण त्याच्याबरोबर खरोखरच्या अपघातांकडेही बघायला हवं. अर्थिंग नसलेल्या खोलीत पत्र्याच्या बादलीत रॉड सोडायचा आणि पाणी तापलं का म्हणून बटण बंद न करताच हात घालून बघायचं. उकळत्या पाण्याचं भगुनं पदराने धरून ओल्या फरशीवरून न्यायचं. रांगतं पोर बादलीशी जाऊन पोचतं. भाजण्याचा आणि शॉक लागण्याचा हा धोका जो पाणी तापवतो त्याचा असतो, आणि तापवणारी बाई असते.

आता बादलीचा हिशेब मांडू. वहीत लिहून घ्या, पुढे उपयोगी पडेल. बादली वीस लिटरची धरू. हिवाळ्यात टाकीतलं पाणी वीस अंशांच्या आसपास असतं, आणि अंघोळीला पंचेचाळीस अंश लागतात. तेवढं तापवायला रॉडला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. पाच माणसांच्या घरात चार बादल्या धरल्या तर रोज सव्वादोन-अडीच युनिट, म्हणजे महिन्याला साधारण ७० युनिट. ही ७० युनिटं दिवे, पंखा, टीव्ही यांच्यावर चढतात. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांना एक दर असतो आणि त्यापुढच्या युनिटांना तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे हिवाळ्यात घराचं बिल उडी मारतं ते बहुतेक वेळा या चार बादल्यांमुळे. दारिद्र्यरेषेखालच्या सवलतीच्या जोडणीला तर वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा आहे, महिन्याला ३०. मंजूर भारही अगदी थोडा. साधा रॉडच हजार-दीड हजार वॉटचा असतो. सगळ्यात गरीब घराला ही सवलत देताना त्या घरात कुणी गरम पाण्याने अंघोळ करील, हे धरलेलंच नाही.

आणि चूल? तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या दहा भागांतला एखाद-दीड भागच भगुन्याला लागतो, बाकी उष्णता वाऱ्यावर जाते. एका बादलीला किलोभर सरपण लागतं. चार बादल्यांना रोज चार-पाच किलो. ते गोळा करायचं, वाहायचं, फोडायचं, पावसाळ्यात कोरडं ठेवायचं, आणि वर धूर. वस्तीतली एक आजी म्हणाली, "धूर डोयात जाते, अन् लोक म्हन्तात बाई रडते." त्यावर मी काय बोलणार?

आता विजेकडे वळू, कारण रॉडच्या विजेत एक मोठी गंमत दडलेली आहे, आणि ती दीपनगरला बसूनच नीट कळते. इथे कोळसा जाळून उष्णता करतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरतं, चक्राने वीज होते. पण उष्णतेचे तीन भाग घातले तर वीज साधारण एकाच भागाची होते. नव्या संचांत थोडी जास्त. बाकीचे दोन भाग शीतकरण मनोऱ्यांतून आणि चिमणीतून आभाळात जातात. त्या मनोऱ्यांवरचे पांढरे ढग आपण रोज बघतो. ती वाया गेलेली ऊबच आहे. यात कुणाची चूक नाही, वाफेवरच्या यंत्राची ती मर्यादाच आहे. पण मग ती एवढ्या किमतीची एक भाग वीज तारांतून आपल्या घरी येते आणि आपण रॉडमधून तिची पुन्हा उष्णता करतो. तीन भाग उष्णतेची एक भाग वीज, आणि तिची पुन्हा एकच भाग उष्णता. म्हणजे ज्वारी देऊन पीठ आणायचं आणि ते पीठ जनावरापुढे टाकायचं.

एक युनिट विजेमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. चार बादल्यांना दीड किलोच्या वर कोळसा झाला. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. म्हणजे एका घराच्या रोजच्या अंघोळीमागे अर्धा किलो राख. ती कुठे जाते, हे वेल्हाळ्याच्या बायकांना विचारा. राखेचा बंधारा त्यांच्या शिवारात आहे. वारा सुटला की धुतलेले कपडे, झाकलेलं पीठ, पोरांचे डोळे, सगळ्यावर ती बसते. ती झाडायची, पुसायची, कपडे पुन्हा धुवायचे, हे कामही बाईच्याच मिनिटांत जातं.

मग दुसरं काही आहे का? आहे, आणि त्याचं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. फ्रीजच्या मागच्या बाजूला हात लावून बघा, ती गरम लागते. फ्रीज आतल्या दुधा-भाजीतली उष्णता काढतो आणि मागे सोडतो. उष्णता तो तयार करत नाही, नुसती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेतो. ओझं वाहण्याला मजुरी लागते, तेवढी वीज त्याला लागते. हाच फ्रीज उलटा लावला, बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उचलून पाण्यात सोडली, तर त्याला 'हीट पंप' म्हणतात. आपण उष्णतेचा पंप म्हणू. विहिरीतलं पाणी वर आणणाऱ्या पंपासारखाच हा. एक युनिट वीज मजुरी म्हणून दिली की तीन-चार युनिटांची उष्णता तो बादलीत आणून टाकतो. दीपनगरच्या मनोऱ्यांतून जे दोन भाग आभाळात गेले, ते जणू घराजवळच्या हवेतून किंवा जमिनीतून परत मिळवायचे.

जमिनीतून कशी, असं वाटेल. हेही बायकांना ठाऊक आहे. विहिरीचं पाणी हिवाळ्यात पहाटे कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार. वरची हवा बदलते, पण जमिनीत काही मीटर खाली वर्षभर जवळपास सारखीच उष्णता असते, आपल्या भागात पंचवीस-सत्तावीस अंशांच्या आसपास. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, तुमच्यापैकी पुष्कळजणी तिथे जाऊन आल्या असतील. तो प्रकार वेगळा. तिथे पृथ्वीच्या खोल पोटातली उष्णता पाण्याबरोबर वर येते. जमिनीवरच्या हीट पंपाला असा झरा लागत नाही. साध्या जमिनीत नळी सोडली तरी चालतं.

हा पंप जगात कुठे गरिबांच्या घरांना लागलाय का, हे मी शोधलं. थंड देशांत लागलाय. त्यातलं इंग्लंडचं उदाहरण आपल्या कामाचं आहे. तिथे नगरपालिका घरं बांधून गरजू कुटुंबांना भाड्याने देतात. अशा कितीतरी इमारतींत विजेवरचे जुने हीटर असत. रात्री वीज स्वस्त, म्हणून रात्री हीटरच्या आतल्या विटा तापवून ठेवायच्या आणि त्या विटांनी दिवसभर खोलीला ऊब द्यायची. व्हायचं काय, की दुपारपर्यंत ऊब संपायची. संध्याकाळी मुलं शाळेतून यायची, म्हातारी माणसं दिवसभर घरातच असायची, आणि तेव्हाच घर गार. पुन्हा बिल मोठं. मग बिलाच्या भीतीने लोक हीटरच बंद ठेवायचे आणि कुडकुडत बसायचे. श्रीमंत देशातली ही गोष्ट आपल्या शेवटच्या बादलीसारखीच वाटली मला.

लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड म्हणून भाग आहे. तिथल्या नगरपालिकेने २०१८ च्या सुमारास आपल्या आठ उंच इमारतींतले, चारशेहून जास्त घरांतले, हे जुने हीटर काढले. इमारतींच्या आवारात जमिनीत शंभर मीटरहून खोल भोकं पाडली, त्यांत नळ्या सोडल्या आणि त्या नळ्यांतून फिरणारं पाणी प्रत्येक घरापर्यंत नेलं. प्रत्येक घरात एक छोटा पंप बसवला. घर उबदार ठेवणं आणि पाणी तापवणं, दोन्ही त्यावर.

यंत्र कितीही चांगलं असो, माझं लक्ष त्याच्या मांडणीकडे गेलं. जमिनीतल्या नळ्या साऱ्या इमारतीच्या मिळून आहेत, जशी आपल्याकडे पाण्याची टाकी. पंप आणि वीजमीटर मात्र ज्याच्या त्याच्या घरचं. म्हणजे मोठा खर्च घर बांधून देणाऱ्याने उचलला आणि वापरावरचा ताबा राहणाऱ्याकडे राहिला. बाजारात जाऊन पंप विकत आण, असं कुणाही भाडेकरू बाईला सांगितलं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सरकार भिंती आणि छत देतं. ऊब ज्याची त्याने बघायची. मग जो सगळ्यात गरीब, त्याच्याकडे सगळ्यात स्वस्त वस्तू येते, रॉड किंवा चूल, आणि ती चालवायला सगळ्यात महाग पडते. रॉड पैशाने, चूल बाईच्या अंगाने.

आता कुणी म्हणेल, ताई, आपल्याला कुठे बर्फात राहायचंय? खरं आहे. एनफिल्डची नक्कल इथे करायची नाही. घर तापवायची आपल्याला गरज नाही. आपल्याला चार बादल्या हव्यात. त्यासाठी शंभर मीटर भोक पाडायचं कारणही नाही, कारण आपली हवाच उबदार आहे. हवेतून उष्णता उचलणारा पंप आपल्याकडे छान चालतो. हॉटेलं, वसतिगृहं, दवाखाने यांच्यासाठी असे पंप आपल्या देशात विकले जातात. पहाटेच्या थंडीत तो चालवायची गरज नाही. दुपारी हवा तीस अंशांना असते तेव्हा चालवायचा आणि पाणी जाड आवरणाच्या टाकीत साठवायचं. ज्या चार बादल्यांना रॉड महिन्याला ७० युनिट खातो, त्यांना हा २३-२४ युनिट घेईल. राखही तिसरा हिस्साच.

त्याहून सोपा मार्ग उन्हाचा. खान्देशात उन्हाला तोटा नाही. गच्चीवरच्या सौर बंबाला पाणी तापवायला वीज जवळजवळ लागतच नाही. अडचणी त्याच्याही आहेत. पत्र्याच्या छपरावर तो बसत नाही. वरच्या टाकीत पाणी चढावं लागतं, आणि आठवड्यातून दोनदा नळ येणाऱ्या वस्तीत तेच अवघड. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. कॉईलवर जो पांढरा थर चढतो, तोच सौर नळ्यांतही चढतो आणि वर्षा-दोन वर्षांनी कुणी साफ केला नाही तर बंब शोभेचा होतो. पंपालाही हा क्षार सोडत नाही. म्हणून माझं मत असं, की स्वतंत्र घर आणि पक्कं छत असेल तिथे सौर बंब. दहा-वीस घरांची चाळ किंवा इमारत असेल तिथे सामाईक सौर बंब आणि पावसाळी दिवसांसाठी जोडीला हवेचा पंप. आणि दोन्हीकडे देखभाल कुणी, किती दिवसांनी आणि कुणाच्या पैशाने करायची हे पहिल्या दिवशी लिहून ठेवलेलं.

देखभालीवर मी एवढा जोर का देते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या गावांत सरकारी योजनेतून आलेलं आणि गंजत पडलेलं कितीतरी सामान दिसतं. वस्तू देताना फोटो निघतो, दुरुस्तीच्या वेळी फोन लागत नाही. आणि यंत्र बिघडलं की पुरुष नव्या सोयीची वाट बघतो, बाई दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चूल पेटवते.

घरकुलांचा अनुभव तर आपल्या जिल्ह्याला चांगलाच आहे. जळगाव शहरात झोपडपट्टीतल्या लोकांसाठी नव्वदच्या दशकात आखलेल्या घरकुल योजनेत गैरव्यवहार झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात गेलं. त्या काळात किती पैसा कुठे गेला यावर भरपूर छापून आलं. जी घरं झालीच नाहीत, त्यांत राहायला जाणार होत्या त्या बायकांनी ती वर्षं कुठल्या चुलीपुढे काढली, हे मात्र कुणी छापलं नाही. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरवलं आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरली. संडासासाठी वेगळी मदत जोडली. या दोन्ही गोष्टी बायका बोलल्या म्हणून आल्या. मोरी आणि गरम पाणी त्या यादीत यायचं असेल तर पुन्हा आपल्यालाच बोलावं लागेल.

काही आक्षेप मला आधीच ऐकू येतात. पहिला, "एवढे लाड कशाला? आमच्या आज्या गार पाण्यानेच अंघोळ करायच्या." आज्या पुष्कळ काही सोसायच्या. त्यातलं काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं हे ठरवण्यासाठीच आपण एकत्र येतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वेळ वाचला तर तो बाईला मिळेल कशावरून? मिक्सर आला, गिरणी आली, तरी बाईचा दिवस काही लहान झाला नाही. हे बरोबर आहे. यंत्राने समता येत नाही. गरम पाणी नळाला आलं तरी पहिली बादली कुणाची, हा प्रश्न शिल्लक राहीलच. पण चार बादल्या भरपूर असल्या तर निदान तिला स्वतःची सोडावी लागणार नाही. आणि नळ फिरवून पाणी येत असेल तर ते काम नवराही करू शकतो, मुलगाही करू शकतो. पहाटे धुरात बसायचं नसलं की "ते बाईचं काम" म्हणायला कारण उरत नाही. तेवढी जागा मिळाली की बाकीचं भांडण आपण घरात करू.

तिसरा आक्षेप पैशाचा. पंप घ्यायला रॉडच्या कितीतरी पट पैसे लागतात. म्हणूनच हा एकेका घराने विकत घ्यायचा विषय नाही, तो घर बांधून देणाऱ्याने उचलायचा खर्च आहे. बचत गटातून कर्ज काढून बाईने गिझर घ्यावा, हा सल्ला मला मान्य नाही. तो घरातल्या सगळ्यांच्या अंघोळीचं कर्ज एकट्या बाईच्या पासबुकावर टाकतो.

तेव्हा आपली मागणी काय असावी? माझ्या मते तीन गोष्टी. एक, गावात किंवा शहरात सरकारी पैशाने जे घर उभं राहील किंवा दुरुस्त होईल, क्वार्टर असो, घरकुल असो, कामगारांची चाळ असो, त्यात नळ आणि दिव्यासारखीच गरम पाण्याची सोय धरलेली असावी, आणि ती रॉडची नसावी. दोन, ती सोय कुठली हे राहणाऱ्या बायकांना विचारून ठरावं. टाकी कुठे, नळ कुठे, मोरीला दार आहे का, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं नकाशावर कळत नाही. तीन, चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आधी सांगितलेला असावा आणि त्यावर देखरेख करणाऱ्या समितीत निम्म्या बायका असाव्यात. ज्या गावांनी राख घेतली, धूर घेतला, पाणी दिलं, त्या गावांनी पहिल्यांदा मागावं, यात गैर काही नाही. दीपनगरच्या भोवतालची गावं त्यात आली.

हे मागायची जागाही आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर सह्या घेऊन उरकली जाते. ती खरी भरवा. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तेव्हा समोर बसलेल्यांतही आपल्याच कुणीतरी असतील. ठराव लिहून घ्या, वहीवर नोंदवा, प्रत मागा.

पण रिकाम्या हाताने जाऊ नका. घरी गेल्यावर आठ दिवस एका वहीत लिहा. किती बादल्या तापल्या, कशावर तापल्या, किती वेळ गेला, सरपण कुठून आणि किती आलं, वीजमीटर आधी किती होता आणि नंतर किती झाला. आणि शेवटच्या रकान्यात अंघोळीचा क्रम. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीला सांगा, रेघा ओढल्या तरी चालेल. वीस घरांच्या अशा वह्या एकत्र आल्या की ती आपली स्वतःची पाहणी होईल. पुढच्या महिन्याच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. त्यांची बेरीज आपण तिथे मिळून करू आणि तीच घेऊन महिलांच्या ग्रामसभेत जाऊ.